दर दोन तासांनी कूस : मज्जारज्जूच्या आघातग्रस्तांच्या सेवेचा इतिहास

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा अंतरंग तपांची गणना केलेली आहे. त्यांत प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर 'वैयावृत्त्य' येते. वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा. ही सेवा ज्यांची करावयाची त्या दहा प्रकारच्या मुनिजनांत 'ग्लान' म्हणजे रोगपीडित साधूंचाही समावेश आहे. शास्त्रकारांनी शुश्रूषेची गणना दानात न करता तपात केली, ही गोष्ट सहज नजरेआड होते. दान एका मंगल क्षणी, मंडपात, चार लोकांच्या साक्षीने देता येते. तप मात्र रोज करावे लागते, आणि बहुधा ते कोणी पाहत नसते. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे निम्मे शरीर निर्जीव झाले, अशा माणसांसाठी गेल्या ऐंशी वर्षांत जगात आणि आपल्या देशात जे कार्य झाले, त्याचा इतिहास पाहू लागले की हा भेद पदोपदी आठवतो.

मज्जारज्जू हा मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली जाणारा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा मज्जातंतूंचा दोर होय. त्यातून नसांच्या ३१ जोड्या शरीरभर पसरतात. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. परंतु हा दोर एकदा चिरडला गेला की तो पूर्ववत जुळून येत नाही. इजा पाठीत झाली तर कमरेखालचा भाग जातो, मानेत झाली तर हातही जातात. आपल्या खेड्यापाड्यांत नारळाच्या वा चिंचेच्या झाडावरून पडलेला माणूस, विहिरीचे काम करताना कोसळलेला मजूर, विजेच्या खांबावरून खाली आलेला कामगार, आणि अलीकडे मोटारसायकलवरून घसरलेला तरुण हे या आघाताचे नेहमीचे बळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात आज दीड कोटीहून अधिक लोक अशा इजेसह जगत आहेत.

चालता येत नाही, एवढेच या माणसांचे दुःख आहे असा सर्वसामान्य समज असतो. तो अपुरा आहे. हालचालीबरोबर स्पर्शाची जाणीवही गेलेली असते आणि मलमूत्रावरील ताबाही. निरोगी माणूस झोपेतसुद्धा नकळत कूस बदलत असतो, कारण एकाच अंगावर भार पडून राहिला की ते दुखू लागते. ज्याला दुखतच नाही तो कूस बदलत नाही. मग माकडहाड, नितंब, टाचा अशा जागी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ती मरू लागते. यालाच शय्याव्रण, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत 'बेडसोर', म्हणतात. हे व्रण हाडापर्यंत पोचतात. तिकडे मूत्राशय तुंबून जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. शतकानुशतके हे रुग्ण मरत आले ते कण्याच्या इजेने क्वचितच. मरत आले ते या दोन कारणांनी. आणि ही दोन्ही कारणे टाळता येण्याजोगी होती.

प्राचीन इजिप्तमधील शस्त्रक्रियाविषयक एक पोथी 'एडविन स्मिथ पपायरस' या नावाने प्रसिद्ध आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेल्या या पोथीत मानेचा कणा निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे अचूक वर्णन आहे, आणि अशा रुग्णावर उपचार करू नयेत असा स्पष्ट निर्णयही आहे. पुढे वैद्यक कितीतरी बदलले, परंतु हा निर्णय विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा थोड्याच वर्षांत दगावले. त्यांना एका कोपऱ्यात ठेवणे, वेदना कमी करणे आणि वाट पाहणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे असे मानले जाई.

हा निर्णय ज्याने फिरवला तो मनुष्य स्वतः निर्वासित होता. लुडविग गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी त्या वेळच्या जर्मनीतील, आज पोलंडमध्ये असलेल्या, टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण सुरू होण्यापूर्वी, ते कोळसा खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होते. तेथे कणा मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण खाणकामगार दाखल झाला. त्याच्या खाटेभोवती पडदे लावण्यात आले. तो काही आठवड्यांत जाणार, तेव्हा त्याच्याविषयी फार नोंदी लिहीत बसू नकोस, असे या मुलाला सांगण्यात आले. सुमारे पाच आठवड्यांनी तो तरुण जंतुदोषाने मरण पावला. गुटमान यांनी ही आठवण आयुष्यभर जपली आणि अनेकदा सांगितली.

पुढे ते ब्रेस्लाउ येथे नामवंत मज्जासंस्थातज्ज्ञ ऑटफ्रिड फ्यॉर्स्टर यांच्या हाताखाली तयार झाले. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान शहरातील ज्यू रुग्णालयात गेले व १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे व दुकाने जाळण्यात आली, हजारोंची धरपकड झाली. त्या रात्री दाराशी येईल त्याला, आजार असो वा नसो, दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमान यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले. त्यांच्यासमवेत खाटाखाटांवरून फिरत गुटमान यांनी प्रत्येकाला काही ना काही रोग चिकटवला. दाखल केलेल्या ६४ जणांपैकी ६० जण छळछावणीतून वाचले. आपल्याकडे चार दानांत अभयदान सांगितले आहे. त्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. १९३९ च्या मार्चमध्ये पत्नी व दोन लहान मुलांसह ते इंग्लंडला पोचले आणि ऑक्सफर्ड येथे संशोधन करू लागले.

दुसरे महायुद्ध निर्णायक टप्प्यावर आले तेव्हा युरोपच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्याची तयारी ब्रिटिश सरकार करीत होते. कण्याच्या जखमांचे सैनिक मोठ्या संख्येने येणार हे दिसत होते. लंडनच्या वायव्येस स्टोक मँडेविल या खेड्यातील रुग्णालयात अशा जखमींसाठी स्वतंत्र विभाग काढण्याचे ठरले आणि तो चालवण्यास गुटमान यांना विचारण्यात आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो विभाग उघडला. खाटा मोजक्या, आणि पहिल्या दिवशी रुग्ण एकच. हे काम वैद्यकीय वर्तुळात इतके निरुपयोगी समजले जाई की ते स्वीकारणाऱ्याकडे लोक कीव करूनच पाहत.

गुटमान यांनी तेथे जे केले त्यात अद्भुत म्हणावे असे काहीच नव्हते. कोणतेही नवे औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही. रुग्ण प्लास्टरच्या साच्यांत बांधून येत. ते साचे त्यांनी काढून टाकले. आणि नियम घातला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, बदलली गेली पाहिजे. प्रत्येक वेळी कातडी तपासली गेली पाहिजे. लघवी काढण्याची नळी पूर्ण स्वच्छता पाळूनच घातली गेली पाहिजे, आणि हे काम कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर न सोपवता डॉक्टरांनी करावे. परिचारिका वैतागत, सहकारी डॉक्टर पाठीमागे हसत. गुटमान स्वतः अवेळी, मध्यरात्रीनंतर, विभागात येऊन उभे राहत आणि कूस बदलली जाते की नाही ते पाहत. स्वभावाने ते हट्टी आणि प्रसंगी कठोर होते. रुग्ण त्यांना भीत आणि तरीही 'पॉपा' म्हणत.

येथे थोडा हिशोब मांडण्यासारखा आहे. दर दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. एका माणसासाठी. त्यातली एक रात्र चुकली तर महिनोन्महिने न भरणारी जखम होऊ शकते. इजिप्तच्या त्या पोथीपासून चालत आलेला निर्णय खोटा ठरला तो या संख्येमुळे. स्टोक मँडेविलमधील रुग्ण मरेनासे झाले, आणि जगाला प्रथमच प्रश्न पडला की ही माणसे आता चाळीस-पन्नास वर्षे जगणार, तर जगून करणार काय?

या प्रश्नाला गुटमान यांनी दिलेले उत्तर त्यांच्या शुश्रूषेइतकेच महत्त्वाचे आहे. खाटेवर बसता येऊ लागताच रुग्णाला कामाला लावायचे. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग रुग्णालयातच सुरू झाले. आपल्याकडील वाचकाला येथे कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी 'कमवा व शिका' हे सूत्र गरीब मुलांसाठी राबवले. गुटमान यांचा आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, परंतु आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या हाताला काम दिले पाहिजे ही जाणीव दोघांची एकच होती.

कामाच्या जोडीला खेळ आले. चाकाच्या खुर्चीत बसून पोलो, मग बास्केटबॉल, आणि तिरंदाजी. तिरंदाजीत खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग बळकट होतो, आणि खुर्चीत बसलेला धनुर्धर उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. ज्या आयुधाने हजारो वर्षे माणसे जायबंदी झाली, त्याच्याकडून जायबंदी माणसे सावरली, असा हा उलटा प्रवास. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांनी, १४ पुरुष आणि २ स्त्रियांनी, तिरंदाजीचा सामना खेळला. १९५२ मध्ये हॉलंडचे खेळाडू आले आणि सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये रोममध्ये सुमारे ४०० खेळाडू जमले. आज ज्यांना पॅरालिंपिक म्हणतात त्या स्पर्धांची गणना तेथून होते. गुटमान यांना १९६६ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

रोमच्या त्या खेळाडूंत सू मॅशम ही तरुणी होती. १९५८ मध्ये घोड्यावरून पडून तिचा कणा मोडला होता. पुढे उमराव सभेची सभासद झालेल्या या बाईंनी १९७४ मध्ये 'स्पायनल इंज्युरीज असोसिएशन' ही धर्मादाय संस्था इंग्लंडमध्ये स्थापन केली. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा तिचा विषय होता. घराचे दार किती रुंद, न्हाणीघरात खुर्ची वळते का, नोकरी परत मिळते का, पत्नी वा आई थकली तर कोण, हे प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात नसतात. अशा आघातातून गेलेल्या लोकांनीच संस्था चालवावी, हे तिचे तत्त्व राहिले. लेडी मॅशम २०२३ मध्ये निवर्तल्या.

'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण आपल्याकडे आहे, आणि भारतातील इतिहास तर तिचा जणू दाखलाच. मुंबईला हाजी अली येथे १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली होती. सरकारी पातळीवरील तो महत्त्वाचा आरंभ. परंतु या क्षेत्राला प्राण दिला तो आघात सोसलेल्या माणसांनीच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस यांचे कमरेखालचे शरीर ३० जानेवारी १९५४ रोजी मोटार अपघातात निकामी झाले. शल्यविशारद होण्याचे स्वप्न संपले असे सर्वांना वाटले. त्यांचे गुरू डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत. हे काम बसून करता येते, हे त्यांनी हेरले, आणि चाकाच्या खुर्चीत बसून मेरीबाई कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त करू लागल्या. ज्या हातांना स्पर्श कळत नाही ते हात, आणि जिच्या पायांना स्पर्श कळत नाही ती शल्यविशारद! न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत शिक्षण घेऊन त्या परतल्या, १९६३ मध्ये वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये तेथे स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभे राहिले. रुग्णाने घरी गेल्यावर ओट्यावर, शेतात, चुलीपुढे कसे वावरावे हे तेथे शिकवले जाई. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६५ च्या युद्धाने हा प्रश्न आपल्या घरापर्यंत आणला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात जवान होते आणि चांगले मुष्टियोद्धे होते. सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक गोळी कण्यापाशी रुतून राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पाण्यात शरीर हलके होते. ज्याला जमिनीवर उभे राहता येत नाही त्याला तेथे हातांच्या बळावर जाता येते. १९६८ मध्ये तेल अवीव येथील स्पर्धांत ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील ते भारताचे पहिले सुवर्ण होय. त्यांच्या परदेश प्रवासाला थोर क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी साहाय्य केले होते. या पदकाची दखल घेण्यास देशाला मात्र बराच काळ लागला. पद्मश्री २०१८ मध्ये आली, 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट २०२४ मध्ये, आणि अर्जुन जीवनगौरव पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. पदकानंतर ५२ वर्षांनी!

त्याच युद्धात मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांच्या मानेत गोळी लागली. याच वर्षी २९ मे रोजी ते एव्हरेस्टच्या शिखरावर उभे होते. उपचारांसाठी ते स्टोक मँडेविलला गेले आणि परतताना अशी संस्था भारतात का नसावी, हा प्रश्न घेऊन आले. उत्तर उभे राहायला पाव शतकाहून अधिक काळ गेला; इटली सरकारच्या सहकार्याने १९९० च्या दशकात दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये 'इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर' सुरू झाले. मेजरसाहेब २०२२ मध्ये निवर्तले. तमिळनाडूत नौदलाच्या निवड चाचणीत १९७५ मध्ये मान मोडलेल्या एस. रामकृष्णन यांनी १९८१ मध्ये आयकुडी या आपल्या खेड्यात अमर सेवा संगम काढला. मुंबईत १९९५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या अपघातात कणा दुखावलेल्या डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये नीना फाउंडेशन स्थापन केले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दोन स्थाने विशेष उल्लेखनीय आहेत. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये सैनिकांसाठी 'पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर' सुरू झाले. युद्धात वा कर्तव्यावर असताना कणा मोडलेल्या जवानांना येथे निवारा, उपचार, कामधंदा आणि खेळ हे सारे एकत्र मिळते. दुसरे स्थान कोल्हापूरचे. ऐन तारुण्यात कमरेखालचे बळ गेलेल्या नसीमा हुरजूक काही काळ पूर्ण निराशेत होत्या. स्वतः तशाच स्थितीत असूनही यशस्वीपणे व्यवसाय सांभाळणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. गायिका रजनी करकरे यांचा या कार्यात मोठा वाटा होता. पोलिओग्रस्त मुलांपासून कण्याच्या आघातापर्यंत सर्व प्रकारचे अपंग या संस्थेने सामावून घेतले. उचगाव येथे 'घरौंदा' वसतिगृह, सर्वसामान्य आणि अपंग मुले एकत्र शिकणारी शाळा, आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग असा तिचा विस्तार झाला. नसीमादीदींचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन पुष्कळांनी वाचलेले असेल. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते सहानुभूतीसाठी वाचू नये. अपंगाला घराबाहेर पडायला पायरी, दार आणि लोकांची नजर या तीन गोष्टी कशा अडवतात, ते कळण्यासाठी वाचावे.

खडकीचे केंद्र आणि लंडनची ती संस्था १९७४ मधील. त्याच साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सव वर्षाला प्रारंभ झाला. त्या वर्षाच्या प्रेरणेने देशभर जैन समाजाने न्यास, दवाखाने, वसतिगृहे काढली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे १९७५ मध्ये जयपूरला डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती. १९६९ मध्ये झालेल्या भीषण अपघातात मेहता यांच्यावर पाय गमावण्याची वेळ आली होती, म्हणजे येथेही तीच म्हण खरी ठरते. मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेला 'जयपूर फूट' या समितीने लाखो गरिबांना विनामूल्य बसवला. सकाळी कुबड्यांवर आलेला मनुष्य बहुधा त्याच दिवशी आपल्या पायांनी चालत घरी जातो. हे कार्य अत्यंत मोठे आहे यात शंका नाही. परंतु या यशाने आपल्या समाजाच्या दातृत्वाला शिबिराचा साचाही लावला, असे नम्रपणे म्हणावे लागते. एक दिवस, एक मंडप, शंभर लाभार्थी. तुटलेल्या पायाला हा साचा जुळतो. तुटलेल्या मज्जारज्जूला तो जुळत नाही.

चाकाच्या खुर्चीचेच पाहा. शिबिरांतून बहुधा वाटली जाते ती रुग्णालयात रुग्णाला या खोलीतून त्या खोलीत नेण्यासाठी बनवलेली घडीची खुर्ची. ती सर्वांना एकाच मापाची, जड, आणि तिचे हात पक्के, त्यामुळे खाटेवरून बाजूने सरकून बसता येत नाही. पुढची चाके लहान असतात, ती गावच्या चिखलात रुततात. मुख्य म्हणजे तिला नुसते रेक्झिनचे बैठक-कापड असते, गादी नसते. ज्याला स्पर्श कळत नाही त्याला अशा खुर्चीत आठ तास बसवणे म्हणजे नितंबावर व्रण ओढवून घेणे. मग तो पुन्हा अंथरुणाला खिळतो आणि खुर्ची पडवीत गंजत पडते. दात्याचा हेतू निर्मळ, आणि फळ मात्र असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये गरीब देशांसाठी खुर्च्यांविषयी मार्गदर्शिका काढली. तीत माप घेणे, खुर्ची बसवून पाहणे, वापरणाऱ्याला व घरच्यांना शिकवणे आणि नंतर पाठपुरावा करणे या गोष्टींना खुर्चीइतकेच महत्त्व दिले आहे. योग्य गादी, थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर अंग उचलून भार मोकळा करण्याची सवय, आणि रोज रात्री आरशात कातडी पाहणे, या तीन गोष्टी शिकलेला मनुष्य व्रणाशिवाय अनेक वर्षे राहू शकतो.

मूत्रपिंडाचा प्रश्नही असाच. १९७२ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. जॅक लॅपिडस यांनी दाखवून दिले की रुग्णाने साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने, दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच मूत्राशय रिकामे केले तर संसर्ग आटोक्यात राहतो. पूर्ण निर्जंतुकतेचा रुग्णालयी थाट प्रत्येक वेळी आवश्यक नसतो. गरिबाच्या घरातही पाळता येईल असा हा उपाय आहे. त्याला लागतात त्या नळ्या, साबण, आणि शिकवणारी एखादी परिचारिका. खर्च थोडा, पण तो दर महिन्याला येतो. ज्या न्यासाच्या हिशोबवहीत 'वैद्यकीय साहाय्य' या सदराखाली शस्त्रक्रियेसाठी एकरकमी मदत लिहिली जाते, तेथे दरमहा काही नळ्या आणि वर्षाआड एक गादी या खर्चाला सदर सापडत नाही. संस्थांच्या कार्यकारिणीत यावर जरूर चर्चा व्हावी.

आणि घरातील त्या ४,३८० कुशींचे काय? आपल्याकडे त्या बहुतेक वेळा आई किंवा पत्नी बदलते. तिची झोप वर्षानुवर्षे दोन-दोन तासांच्या तुकड्यांत विभागलेली असते. स्टोक मँडेविलला ज्या कामासाठी पाळ्या लावलेल्या परिचारिका व मदतनीस होते, ते काम ती एकटी करते, आणि तिच्या नावाची नोंद कोणत्याही अहवालात नसते. आठवड्यातून एक रात्र तिच्याऐवजी दुसरे कोणी जागले तर तिला सलग झोप मिळेल. ग्लान मुनींच्या वैयावृत्त्यासाठी पाळ्या लावून रात्र रात्र जागणारे श्रावक-श्राविका गावोगावी आहेत. सल्लेखनेच्या काळात तर संपूर्ण समाज जागतो. ही सवय समाजाच्या अंगी नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

एक शेवटची गोष्ट मंदिरांची. सम्मेदशिखर, गिरनार, पालिताणा येथे अशक्तांना डोलीतून वर नेण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा अनेकांना आधार होतो. परंतु डोलीत बसलेल्याला केव्हा निघायचे, कोठे थांबायचे हे दुसऱ्याच्या खांद्यावर अवलंबून असते, आणि रोजच्या दर्शनाला कोणी डोली करीत नाही. गावातील मंदिराचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीचा उतार. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असलेल्या दारापाशी अठरा फूट लांब आणि खुर्ची सहज जाईल इतका रुंद उतार लागतो, शिवाय वरच्या टोकाला खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा आणि एका बाजूला धरायला कठडा.